शिमग्याला मोटारीने

१३ डिसेंबर १९५९, रविवार

ही डायरी हेअर ऑईलच्या कंपनीने गेल्या वर्षी आम्हा एजंट लोकांना वाटली. एक जानेवारीपासून रोज लिहायचं असं मनाशी पक्कं केलं होतं. आज तेरा डिसेंबर. आधी पेन नव्हतं. पेन आलं तेव्हा शाई नव्हती. जुलैत एकदा दोन्ही घेऊन बसलो, तर खाली मोर्चा चाललेला. बघायला उतरलो तो परळपर्यंत गेलो. तिथे कुस्त्या लागल्या होत्या. असो. उशिरा सुरू केलेलं माणूस टिकवतो.

आज लिहितो कारण आज मोटार घेतली.

पुन्हा लिहितो, बघायला बरं वाटतं. आज मोटार घेतली.

गिरगावातल्या एका वाडीत तात्या म्हणून गृहस्थ आहेत, त्यांची. विहिरीजवळ चादर पांघरून उभी होती. चादर काढताना तात्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, पोरीसारखी सांभाळली हो. पैसे मोजून झाल्यावर लगेच आत गेले आणि दार लावून घेतलं. आवरलं नसेल त्यांना. गाडी काळी, विलायती, चार दारांची. एक दार उघडत नाही, पण माणसाला दारं लागतात किती? किंमत लिहीत नाही. लिहिली की जास्त वाटते.

१४ डिसेंबर, सोमवार

मोटार लालबागला आणली. तात्यांनी दिलेला ड्रायव्हर भायखळ्यापर्यंत आला. तिथे मोटार थांबली, तोही उतरून निघून गेला. पुढे हातगाडीवाले लावले. घामाघूम झाले बिचारे. हल्लीच्या गाड्यांत हे वजन नाही.

गल्लीत शिरताना मी स्टिअरिंगवर होतो. सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. वरून आमच्या गावचे कुशाबाकाका ओरडले, रे लव्या, बसूक घेतलंस की ढकलूक? सगळी चाळ हसली. हसू दे. मोठ्या गोष्टीला आधी हसतातच.

गंगुबाईंच्या खानावळीमागे भिंतीला लागून उभी केली. त्या म्हणाल्या, माझ्या नळाच्या वाटेत नको हां, आधीच सांगून ठेवते. वाटेत नाही. थोडी आहे.

१५ डिसेंबर, मंगळवार

संकल्प. येत्या शिमग्याला गावी मोटारीने जायचं. पनवेल, महाड, चिपळूण, खाली थेट. बोट नको, तो उलट्यांचा वास नको, बंदरात छोट्या पडावात उड्या मारणं नको. मोटार सरळ होळीच्या माळावर न्यायची. बाबा पालखीपाशी असतील. मी हॉर्न वाजवीन. ते वळून बघतील. पुढचं अजून ठरवलेलं नाही. वळून बघतील एवढं नक्की.

बाबांनी सगळी उमर मिलमध्ये साचे म्हणजे माग चालवले. मला बदली कामगार म्हणून चिकटवलं. मी ते सोडलं. कापसाची धूळ नाकात जाते, त्यात भवितव्य नाही. त्या दिवशी बाबा अर्ध्या ताटावरून उठले. लवकरच रिटायर होऊन गावी गेले. आता पत्र आईच्या नावाने येतं, मास्तर लिहून देतात. शेवटी असतं, तुझे बाबा बरे आहेत. बाबांकडून म्हणून काही नसतं.

१६ डिसेंबर, बुधवार

कालचं पुरं करतो. मी राहतो गावकीच्या खोलीवर. गावचे तीसेक पुरुष, एक खोली, मिलच्या तीन पाळ्या. प्रत्येकाची भिंतीवर एक खुंटी, फळीवर एक ट्रंक आणि खाली चटईएवढी जमीन. ही जागा बापाकडून मुलाकडे येते. माझी ती बाबांची, खिडकीखालची. वारा येतो. लोक हेवा करतात.

पण त्या खोलीत अष्टौप्रहर एकच शब्द. सरक. रात्रपाळीचा आला की म्हणतो सरक, पाणी प्यायला उठलेला परत आला की सरक. बाबा आणि मी सहा वर्षं चटईला चटई लावून झोपलो. आमचं बोलणं तेवढंच. ते म्हणायचे सरक, मी सरकायचो. छप्पन साली मोर्चात त्यांच्या उजव्या खांद्यावर लाठी बसली. कुठे, कशी, ते कधी बोलले नाहीत. फक्त त्यानंतर डाव्या कुशीवर झोपायला लागले आणि त्यांना जागा जास्त लागायला लागली.

मोटारीत मला कोणी सरक म्हणणार नाही.

२० डिसेंबर, रविवार

रामदास मिस्त्री येऊन बघून गेला. भायखळ्याला गॅरेज आहे, म्हणजे एक झाड आहे आणि त्याखाली तो. बोनेट उघडलं. बोनेट मिटलं. विडी पेटवली. म्हणाला, लवूशेठ, आतमध्ये माल सगळा आहे, फक्त चालू काही नाही. माल सगळा आहे हे महत्त्वाचं. शिवाय मला शेठ म्हणणारा हा पहिला माणूस. काम त्यालाच द्यायचं.

२७ डिसेंबर, रविवार

रेडिएटर गळतो. रामदास म्हणाला, नवा टाकण्यापेक्षा हळद घाला, भोकं बुजतात. गंगुबाईंकडून हळद आणली. इंजिन घरघरलं, पाणी तापलं आणि वाफ खानावळीत शिरली. दोन पाहुणे हात धुवून पाटावर येऊन बसले, त्यांना वाटलं बांगड्याचं सार उतरलं. गंगुबाई म्हणाल्या, लवू, पुढच्या वेळी कोकमही घेऊन जा हो.

गळणं कमी झालं आहे. पिवळं गळतं, एवढाच फरक.

१ जानेवारी १९६०, शुक्रवार

नवी डायरी घेतली नाही. हिचीच सुरुवातीची पानं कोरी आहेत, ती वापरणार. पान म्हणतं गुरुवार, आहे शुक्रवार. एक वार पुढे धरायचा. सोपं आहे.

संकल्प: रोज लिहिणे. लायसन्स काढणे. हेअर ऑईलचा धंदा वाढवणे. गाडी धुणे.

१४ जानेवारी, गुरुवार, संक्रांत

मोटार चालली! स्वतःच्या पायांनी. भिंतीपासून नळापर्यंत. आणखीही गेली असती, मध्ये गंगुबाईंची कळशी आली. कळशी चेपली. गंगुबाईंनी तिळगूळ दिला पण गोड बोला म्हणाल्या नाहीत.

लायसन्स अजून काढलेलं नाही. ती फक्त फॉर्मॅलिटी. गिअर मला पाठ आहेत.

१७ जानेवारी, रविवार

गिअर पाठ असून उपयोग नाही, गिअरबॉक्सच गेला आहे. तात्यांना भेटायला गिरगावात गेलो, तक्रार म्हणून नव्हे, सल्ला घ्यायला. आतून आवाज आला, तात्या घरी नाहीत. आवाज तात्यांचाच होता. घशाला काहीतरी झालं असावं. परत येताना वाडीच्या तोंडाशी एक जादूगार खेळ करत होता. संध्याकाळ तिथेच गेली.

नियम केला: रामदासचे आकडे या डायरीत लिहायचे नाहीत. हेअर ऑईलच्या उरलेल्या बाटल्या त्याने हिशेबात धरून घेतल्या. एजन्सी तशीही माझ्या स्वभावाला धरून नव्हती.

७ फेब्रुवारी, रविवार

गावी पत्र टाकलं. लिहिलं की शिमग्याला मोटारीने येतोय, माळावर दगड फार आहेत, टायर विलायती आहेत, तेव्हा दगडांचं काहीतरी बघा. पत्र टाकल्यावर बरं वाटलं. आता गाडीलाही मागे फिरता येणार नाही.

२१ फेब्रुवारी, रविवार

आईचं पत्र. माळावरचे दगड काढले. तुझ्या बाबांनी काढले. कोणाला हाताशी घेतलं नाही, सकाळी जात होते. खांदा दुखतो म्हणतात, म्हणजे म्हणत नाहीत, पण चोळताना दिसतात. बाकी ठीक.

वरळीपर्यंत चालत गेलो. समुद्र बघितला. आज दुसरं काही लिहीत नाही.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

रामदास म्हणतो इंजिन बाहेर काढून बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून घासून घ्यायला लागेल. म्हटलं शिमग्याच्या आत? म्हणाला, शेठ, पैसा आधी आला तर इंजिन आधी जाईल. सरळ माणूस आहे.

२९ फेब्रुवारी, सोमवार

ही तारीख डायरीत नाही. एकोणसाठ साली नव्हतीच. म्हणून अठ्ठावीसच्या पानाखाली बारीक अक्षरात.

खोलीवरची जागा गावकीला परत केली. रामदासला द्यायला बाबांनी भरलेली अनामत उचलली. कुशाबाकाका खोलीचे प्रमुख. ते बराच वेळ हातात किल्ल्या फिरवत बसले. मग म्हणाले, बापाशीक इचारलंस? म्हटलं, हो. खुंटीवरचे दोन शर्ट काढले, ट्रंक उतरवली. खुंटी आता रामजीची. गावाहून नवाच आलेला आहे. त्याने लगेच टोपी अडकवून बघितली.

हा दिवसच नसल्यामुळे असं काही झालेलं नाही. शिमग्याला मोटारीने गेलो की बाबांना मीच समजावून सांगेन. कुशाबाकाका बोटीने पोचायच्या आत.

१ मार्च, मंगळवार

पान म्हणतं रविवार. आता दोन वार पुढे धरायचे. डायरी माझ्यापेक्षा मागे पडते आहे.

इंजिन हातगाडीवरून भायखळ्याला गेलं. वजन उतरल्यामुळे मोटारीचं नाक वर आलं आहे. ऐट दिसते.

मुक्काम मोटारीत हलवला. हे आधीच करायला हवं होतं. आपली जागा, आपली हवा, ट्रंक पुढच्या सीटवर, शर्ट स्टिअरिंगवर. मागची सीट पूर्ण माझी. तीस माणसांत एवढी ऐसपैस जागा कोणाला मिळते?

४ मार्च, शुक्रवार

झोप लागत नाही. सीट फार रुंद आहे. सकाळी उठलो तर मी एका कडेला चिकटून, आणि बाकीची सीट रिकामी. जुनी सवय. जाईल.

१० मार्च, गुरुवार

इंजिन अजून झाडाखाली. खोलीवरचे सगळे आज शिमग्याला निघाले. मी भाऊच्या धक्क्यावर सोडायला गेलो, कुशाबाकाकांची ट्रंक माझ्याच डोक्यावर. ते म्हणाले, तुझ्या बापाशीक काय सांगू? म्हटलं, सांगा मागून येतोय. मोटार बोटीपेक्षा फास्ट असते, म्हणून उशिरा निघतोय.

काकांनी ट्रंक माझ्या डोक्यावरून उतरवून घेतली. बोटीने भोंगा दिला तेव्हा त्यांनी हात केला. कोणाला केला ते गर्दीत नीट कळलं नाही.

१३ मार्च, रविवार, शिमगा

गल्ली सुनी. ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. गावी आत्ता पालखी माळावर आली असेल. ढोल. बरोबर त्या वेळेला हॉर्न वाजवला. रबरी भोपूचा हॉर्न आहे, त्याला इंजिन लागत नाही.

एक कुत्रं वळून बघून गेलं.

२० मार्च, रविवार

मंडळी परत आली. कुशाबाकाकांना नळावर गाठलं. म्हणाले, तुझो बापूस दिवसभर माळावर बसलो होतो. पालखी नाचली तरी उठलो नाय. काळोख पडल्यावर उठलो. मी विचारलं, जागेचं सांगितलंत? म्हणाले, सांगितलंय. मग? मग काय, काय बोललो नाय. निघताना एवढाच विचारल्यान, गाडी खंय उभी करता तो?

गाडीची चौकशी केली! मी मिल सोडल्यापासूनच्या अडीच वर्षांत माझ्या कुठल्या गोष्टीची त्यांनी चौकशी केली होती? मोटार घेतल्याचं सार्थक झालं म्हणायला हरकत नाही. जागेचं मनावर घेतलेलं दिसत नाही. घेतलं असतं तर बोलले असते.

तसे ते कशावरच बोलत नाहीत. पण तरी.

२८ मार्च, सोमवार, पाडवा

गंगुबाईंनी मोटारीला हळदकुंकू लावलं. मी भारावलो. नंतर कळलं, आजपासून कुरडया टपावर वाळत घालायच्या होत्या. म्हणाल्या, मोटार घेतलीस ते झ्याक केलंस रे, असा तापणारा पत्रा सबंध चाळीत नाही. इंजिनाच्या रिकाम्या जागेत त्यांनी लोणच्याची बरणी ठेवली आहे, सावलीला. भाडं म्हणून एक वेळचं जेवण. म्हणजे मोटार कमवायला लागली.

१४ एप्रिल, गुरुवार

रामदासच्या चाळीत आज बाबासाहेबांची जयंती. लाउडस्पीकरला बॅटरी कमी पडत होती म्हणून त्याने माझी नेली. बॅटरी माझी, म्हणून मीही हातगाडीबरोबर चालत राहिलो. आवाज स्वच्छ लागला. गर्दीत लोकांचे खांदे लागत होते. बऱ्याच दिवसांनी.

रामदासच्या आई सुंदराबाई, त्यांनी विचारलं, हा कोण रे पोरगा? रामदास म्हणाला, बॅटरीवाला. त्यांनी पुढे काही न विचारता पान वाढलं. खीर दोनदा घेतली. निघायचं जिवावर आलं होतं, पण बॅटरी परत जागेवर लावायची होती. ती लावली. तिच्यावर आता चालवायचं असं काही नाही, पण वस्तू जागेवर असावी.

१९ एप्रिल, मंगळवार

रामदास स्वतः आला. विडी पेटवली नाही तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणाला, शेठ, इंजिनला चीर आहे. बोअरिंगवाला हात लावत नाही. भंगारवाल्याला द्या, मी बोलतो. म्हटलं, चीर केवढी? त्याने नख दाखवलं. एवढीशी तर आहे! हळद घातली तर? त्याने खिशातून बंडल काढलं. मग विडी मला दिली.

मी विडी ओढत नाही. घेतली.

२४ एप्रिल, रविवार

एक मेला महाराष्ट्र राज्य होणार म्हणून गल्लीत पताका, रंग, जिलब्यांची ऑर्डर. कुशाबाकाका मोटारीपाशी आले. म्हणाले, लव्या, चित्ररथ काढायचो हा, तुझी मोटार दी. इंजिन नको, पोरं ढकलतली. मला मनातून फार बरं वाटलं. पण लगेच हो म्हणणं शोभत नाही. म्हटलं, माझ्या अटी आहेत. स्टिअरिंगवर मी बसणार, फेटा बांधणार, आणि ढकलताना कोणी हसायचं नाही. विचार करून सांगतो म्हणालो.

२९ एप्रिल, शुक्रवार

विचार झाला. हो सांगायला गेलो. त्यांनी हातगाडी ठरवली आहे. हातगाडीला अटी नसतात.

१ मे, रविवार, सकाळी

पान म्हणतं शुक्रवार. राज्य झालं. चित्ररथ ढोल बडवत शिवाजी पार्काकडे गेला. रामजी त्यावर मावळा झाला होता, टोपी तीच, खुंटीवरची. गंगुबाईसुद्धा खानावळ बंद करून गेल्या. मला कोणीतरी चल म्हणालं होतं बहुतेक. मी म्हटलं, मोटार एकटी कशी सोडू?

मागच्या सीटवर आडवा पडून लिहितो आहे. नवं राज्य, नवे बेत. एक: मोटार विकायची नाही, भाव येईल. दोन: माझगावला एकाची मोटारसायकल आहे, साइडकारसकट, थोडं काम आहे म्हणतो. बघून यायला काय जातं? गणपतीला गावी त्यावरून जाता येईल. साइडकारमध्ये एक माणूस आरामात

काचेवर कोणीतरी टकटक करतंय. कुरडयांचं गिऱ्हाईक असेल.

—

बाबा आहेत.

नळावर तोंड धुताहेत तेवढ्यात लिहून घेतो. बोटीने आले. धक्क्यावरून चालत. पांढरी टोपी, छत्री, कापडी पिशवी. आल्या आल्या मोटारीभोवती एक फेरी मारली. टायर पायाने दाबून बघितला. बोनेट उघडलं. बरणीचं झाकण तिरकं होतं, ते नीट बसवलं. बोनेट हळूच मिटलं. खोलीवर जाऊन आले आहेत. कुलूप आहे.

मी म्हटलं, महाराष्ट्र बघायला आलात? म्हणाले, महाराष्ट्र बोटीतसून पण दिसता.

नंतर टपावरची एक कुरडई उलटी करून ठेवली. मग म्हणाले, माळ अजून मोकळोच आसा.

एवढं बोलून ते नळावर गेले. आता त्यांना काय सांगू? इंजिनचं सांगू, की आधी जागेचं, की मोटारसायकलचं? पंचाने तोंड पुसताहेत. न उघडणारं दार ओढून बघितलं. दुसऱ्या बाजूने आले. पिशवी आत ठेवली. वाकताना उजवा खांदा जपला.

म्हणतात, सरक.